सीमेवरचा चहा: युक्रेनच्या निर्वासितांना मदत करणाऱ्या साध्या माणसांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकुफ शहरात राहते. २०२२ च्या मार्चपासून आधी शनिवार-रविवारी युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेमिश्लच्या रेल्वे स्टेशनवर आणि नंतर क्राकुफमध्येच, युद्धातून पळून आलेल्या लोकांसाठी जमेल ते काम करत आले आहे. घरचे, मैत्रिणी, त्यांच्या ओळखीचे लोक फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं बैजवार लिहून ठेवते.

मदतीला आलेले लोक कोण होते? कुठल्या संस्थेचे होते का?

पहिल्या आठवड्यात तरी बरेचसे कुठल्याच संस्थेचे नव्हते. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने हल्ला केला आणि त्याच दिवशी मेडिकाच्या सीमा नाक्यावरून माणसं चालत पोलंडमध्ये येऊ लागली. मेडिका हे छोटं गाव. तिथून बारा-तेरा किलोमीटरवर प्शेमिश्ल, साठेक हजार वस्तीचं शहर, म्हणजे आपल्या जयसिंगपूरएवढं. ६ मार्चला एका दिवसात १ लाख ४२ हजारांवर माणसं पोलंडच्या हद्दीत आली. जयसिंगपूरच्या स्टँडवर एका दिवसात किती माणसं उतरली तर गाव कोलमडेल, याचा अंदाज करून बघा.

जे धावून आले ते जवळपासचे लोक होते. पोलंडमध्ये गावोगाव स्वयंसेवी अग्निशमन दलं असतात. शेतकरी, मेकॅनिक, शिक्षक असे लोक भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावतात. ते सर्वांत आधी तंबू आणि जनरेटर घेऊन पोचले. खेड्यातल्या बायकांची मंडळं असतात, अगदी आपल्या महिला मंडळांसारखी. त्यांनी रात्रभर ब्रेडला लोणी लावलं, सूप ढवळलं. स्काउटची मुलं होती, चर्चमधले लोक होते, विद्यार्थी होते.

आणि म्हातारे होते. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगते. साम्यवादी राजवटीत पोलंडच्या शाळांत रशियन सक्तीची होती. त्या काळात नाइलाजाने ती भाषा शिकलेली साठी-सत्तरीची माणसं स्टेशनवर सगळ्यांत उपयोगी ठरली. युक्रेनच्या पूर्व भागातून आलेल्या कित्येकांची घरातली भाषा रशियन होती. पोलिश तरुणांना ती येत नव्हती. मग निवृत्त शिक्षिका खुर्ची टाकून बसायच्या आणि चाळीस वर्षं न बोललेली वाक्यं आठवून आठवून बोलायच्या.

नंतर पोलंडच्या आर्थिक संशोधन संस्थेने पाहणी केली. पहिल्या तीन महिन्यांत देशातल्या ७७ टक्के प्रौढांनी या ना त्या प्रकारे मदत केली होती, आणि लोकांनी खिशातून ९ ते १० अब्ज झुओती (पोलंडचं चलन) खर्च केले होते.

मग सरकार काय करत होतं?

सीमा उघडी ठेवली, रेल्वेचा प्रवास फुकट केला, ही मोठी गोष्ट. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ चा एक कायदा पहिल्यांदाच वापरून युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण दिलं. १२ मार्चला पोलंडचा विशेष कायदा झाला. त्यातून ओळख क्रमांक, काम करण्याचा हक्क, दवाखाना आणि शाळा मिळू लागल्या. पण हल्ला आणि कायदा यांच्या मधले सोळा दिवस साध्या माणसांनी निभावले.

स्टेशनवर बाबागाड्या ठेवल्याचा फोटो खरा आहे का?

खरा आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला प्शेमिश्लच्या फलाटावर पोलिश आयांनी आपल्या बाबागाड्या आणून ठेवल्या. फ्रान्चेस्को मालावोल्ता या इटालियन छायाचित्रकाराने तो फोटो काढला.

स्टेशनवर नेमकं काम काय असायचं?

आधी स्टेशन समजून घ्या. युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे, पोलंडचे १४३५. त्यामुळे पश्चिम युक्रेनमधल्या ल्वीव शहराकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या प्शेमिश्लला संपतात आणि सगळ्यांना उतरून दुसरी गाडी धरावी लागते. मिरजेला मीटरगेजमधून उतरून ब्रॉडगेजच्या गाडीत बसलेली माणसं आपल्याकडे अजून आहेत. तोच प्रकार. फरक एवढाच की मध्ये पासपोर्ट तपासणीची रांग, आणि गाडीतून उतरणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युक्रेन सोडायला बंदी झाली होती.

काम म्हणजे बॅगा जिन्यावरून चढवणं-उतरवणं. पुढची गाडी कुठली ते सांगणं. फोनचं सिमकार्ड काढून देणं. व्हीलचेअर शोधणं. मांजराला पाणी. हो, मांजर. कुत्री-मांजरं, एका मुलाकडे तर बुटांच्या खोक्यात कासव होतं. बर्फाच्या दिवसांत दोन-दोन दिवस प्रवास करून आलेल्या माणसांनी स्वतःच्या अंगावरची शाल मांजराच्या पिंजऱ्याला गुंडाळलेली असायची.

मला पहिल्या दिवशी चहाच्या टेबलावर उभं केलं. पोलिशमध्ये चहाला 'हेर्बाता' म्हणतात. मी तेच ओरडत होते आणि कुणी वळून बघत नव्हतं. थकून तोंडातून आपलं 'चाय, चाय' निघालं आणि रांगेतल्या चार बायका एकदम वळल्या. युक्रेनियनमध्येही चहाला 'चाय'च म्हणतात. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर तोच शब्द चालला.

त्याच दिवशी दुपारी एक आजी टेबलासमोर येऊन थांबल्या. मी कागदी कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, आधी हातमोजा काढला. मग कोटाच्या आतल्या खिशातून छोटं पाकीट काढलं आणि तळहातावर नाणी मोजायला लागल्या. युक्रेनची नाणी, पोलंडमध्ये न चालणारी. कपातली वाफ कमी होत गेली तरी त्यांची मोजणी संपेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेल्या तासाभरात जे लोक टेबलाकडे बघून पुढे निघून गेले, त्यांना हे फुकट आहे हेच माहीत नव्हतं. आणि विचारायला लाज वाटत होती. शेजारच्या मुलीने मला शब्द सांगितला, 'बेज्कोश्तोव्नो', म्हणजे विनामूल्य. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावला. पाच मिनिटांत रांग लागली.

आम्ही कपडे गोळा केलेत. कसे पाठवू?

पाठवू नका. हे कठोर वाटेल, पण सगळ्यांत जास्त वेळा मला हेच सांगावं लागतं.

प्शेमिश्लच्या लव्होव्स्का रस्त्यावर बंद पडलेलं एक मोठं सुपरमार्केट होतं, तिथे मदत केंद्र उभं राहिलं. मेडिकाच्या रस्त्याकडेला तर कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडायचे. उन्हाळी फ्रॉक, एका पायाचा बूट, उंच टाचांचे सँडल, चेन तुटलेली जाकिटं. घरातलं कपाट रिकामं करून मन हलकं होतं, पण तो ढीग निवडायला माणसं लागतात. दहा जण दिवसभर कपडे निवडत बसले की दहा जण फलाटावर कमी पडतात. आणि निर्वासित बाईला दोन हात असतात. एका हातात मूल, दुसऱ्यात बॅग. ती तुमचं स्वेटर घेणार कशात?

खरी मागणी कशाची होती तेही सांगते. नव्या चड्ड्या आणि मोजे. सॅनिटरी पॅड. मापाचे डायपर. फोनचा चार्जर, पॉवर बँक. जुन्या चड्ड्या कुणी देऊ नयेत हे सांगावं लागतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कुणाला काहीही द्यायचं असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा की आज काय हवंय. आज. कालची यादी चालत नाही, कारण काल डायपर संपले होते आणि आज डायपरचे तीन ट्रक येऊन उभे आहेत.

मग पैसे द्यावेत का? भारतातून कसे?

पैसे सगळ्यांत बरे. त्या पैशांत तिथल्या दुकानातून, तिथल्या मापाचं, तिथल्या हवामानाचं सामान त्याच दिवशी येतं. पोलंडमध्ये पोल्स्का आक्त्सिया हुमानितार्ना ही १९९२ पासूनची जुनी संस्था आहे, कारितास ही कॅथलिक चर्चची संस्था आहे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि रेड क्रॉस तर सगळीकडे आहेत.

भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते, त्यात देणगीही बसते. बँकेत जाऊन फॉर्म भरावा लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही. ती हवी असेल तर भारतात नोंदणी असलेल्या, ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला द्या. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर, व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआर कोडवर पाठवू नका. युद्ध सुरू झालं की भामटेही जागे होतात.

मी स्वतः येऊन काम करू का?

तीन गोष्टी असतील तर या. किमान तीन-चार आठवडे राहता येणं, राहण्या-खाण्याचा स्वतःचा बंदोबस्त, आणि एखाद्या संस्थेशी आधीच झालेलं बोलणं. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण खरं लिहा. २०२२ च्या मार्चमध्ये प्शेमिश्लमधल्या हॉटेलांच्या खोल्या जगभरातून आलेल्या उत्साही लोकांनी आणि पत्रकारांनी भरल्या होत्या, आणि बाळ कडेवर घेतलेल्या बायका स्टेशनच्या फरशीवर झोपत होत्या. त्यात आपली भर नको.

दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाला काम शिकवण्यातच एक दिवस जातो. उलट, दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते दहा न चुकता येणारा माणूस सोन्यासारखा. आमच्याबरोबर एक बस ड्रायव्हर होता. ड्यूटी संपली की तो येऊन फक्त कचऱ्याच्या पिशव्या बदलायचा, दोन वर्षं. त्याच्या हातात कधी कुणी कॅमेऱ्यासमोर सूपचा कप दिला नाही. पण तो येणार म्हणून बाकीच्यांना त्या कामाची चिंता कधीच करावी लागली नाही.

अनोळखी कुटुंबाला घरात ठेवून घेणं सुरक्षित होतं का? दोन्ही बाजूंनी?

निर्वासितांच्या बाजूने धोका मोठा होता. एकटी बाई, मुलं, रात्रीची वेळ, आणि समोर गाडी घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस 'वॉर्सोला सोडतो' म्हणतोय. त्यातले बहुतेक चांगलेच होते. पण बाईला ते कळणार कसं? म्हणून थोड्या दिवसांत ड्रायव्हरांची नोंदणी सुरू झाली. ओळखपत्र, गाडीचा नंबर, कुणाला कुठे नेतोय याची नोंद. आम्ही बायकांना सांगायचो की गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. खरा मदतनीस यावर रागवत नाही. जो रागवला, त्याच्या गाडीत कुणाला बसवायचं नाही, हा आमचा नियम होता.

घर देणाऱ्याला सरकार माणशी रोज ४० झुओती देत होतं, तेव्हाचे साधारण सातशे रुपये. आधी साठ दिवसांसाठी, मग एकशे वीस. ही मदत २०२४ च्या मध्यावर बंद झाली.

माझ्याकडे खारकीवची एक आई आणि तिची दोन मुलं चार महिने होती. दोन खोल्यांचं घर. मी जीव ओतून त्यांचं करत होते. ऑफिसमधून आले की कोट न काढता ओट्याशी उभी. ती बाहेरच्या खोलीत ताठ बसलेली असायची, हात मांडीवर. जेवताना 'द्याकुयू, द्याकुयू' म्हणायची, म्हणजे धन्यवाद. मला वाटायचं दुःखात आहे, बोलवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने फोनवर भाषांतर करून वाक्य माझ्यापुढे धरलं: 'मला एक शेगडी वापरायला मिळेल का?'

एक शेगडी. माझ्या ओट्यावर चार होत्या आणि तीन आठवड्यांत मी तिला एकीलाही हात लावू दिला नव्हता. खारकीवमध्ये ती शाळेच्या खानावळीत दीडशे मुलांचा स्वयंपाक सांभाळायची. दुसऱ्या दिवशी तिने बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, केलं. बीट किसताना तिची बोटं लालभडक झाली होती आणि मुलगा टेबलाखाली बसून गाणं म्हणत होता. इतक्या दिवसांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर एक दिवस ती, एक दिवस मी, असं ठरलं. घर बदलून गेलं.

घर देणार असाल तर पहिल्याच दिवशी दोघांनी बसून ठरवा: किल्ली कुणाकडे, ओटा कुणाचा कधी, पाहुणे किती दिवस. तारीख बोलून ठेवणं म्हणजे निर्दयपणा असं आपल्याला वाटतं. पण तारीख माहीत नसलेला माणूस रोज सकाळी उठून यजमानाचं तोंड वाचत बसतो.

निर्वासितांशी काय बोलू नये?

मुलांना 'बाबा कुठे आहेत?' असं विचारू नका. मोठ्यांना 'काय काय पाहिलंत?' असं विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतात, बऱ्याचदा भांडी घासताना, पाठमोरे असताना. 'सगळं ठीक होईल' हेही नको, ते आपल्या हातात नाही. फोटो तर अजिबात काढू नका, विचारूनही नाही. तुमच्या हातून जेवण घेणारा माणूस तुम्हाला नाही कसा म्हणेल?

बोलायचं तर व्यवहाराचं बोला. शौचालय कुठे, गाडी कधी, इथे रात्रभर थांबता येईल का. ऐकणाऱ्याचे खांदे सैल होतात.

आपल्या विद्यार्थ्यांचं काय झालं? त्यांच्याशी भेदभाव झाला ना?

झाला. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलं होती, त्यात महाराष्ट्रातलीही पुष्कळ. शेहिनीच्या नाक्यावर, म्हणजे मेडिकासमोरच्या युक्रेनच्या बाजूला, भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना वेगळ्या रांगेत तासन्‌तास, काहींना दिवसच्या दिवस थंडीत उभं राहावं लागलं. काही जण तीस-तीस किलोमीटर चालत आले होते. हे त्या मुलांनी स्वतः सांगितलं आहे आणि ते झाकून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही.

त्याच मुलांना ल्वीवच्या स्टेशनवर युक्रेनियन बायकांनी जेवण दिलं, हेही खरं. पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घेतलं. २६ फेब्रुवारीपासून भारत सरकारच्या ऑपरेशन गंगाची विमानं रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकिया इथून मुलांना घेऊन जाऊ लागली. पोलंडमधली विमानं झेशुफ शहरातून सुटत. तिथे स्वामीनारायण मंदिराच्या स्वयंसेवकांनी फिरतं स्वयंपाकघर लावलं होतं. सीमेवर शीख बांधवांचा लंगर होता, आणि तिथे भारतीय की युक्रेनियन असं कुणी विचारलं नाही.

युक्रेनियन लोक गोरे आणि ख्रिश्चन, म्हणून त्यांना मदत मिळाली, असं म्हणतात. खरं आहे?

याचं उत्तर पोलंडच्याच दुसऱ्या सीमेवर आहे. २०२१ पासून बेलारूसच्या बाजूने, ब्यावोव्येझाच्या घनदाट जंगलातून इराकी, सीरियन, अफगाण लोक पोलंडमध्ये यायचा प्रयत्न करत आहेत. त्यांना बेलारूसच्या राजवटीने मुद्दाम सीमेकडे ढकललं, हे खरं आहे. पण त्या थंडीत मुलंही होती. त्यांच्यासाठी सीमा उघडली नाही. १८६ किलोमीटर लांबीचं, साडेपाच मीटर उंचीचं पोलादी कुंपण उभं राहिलं. ते पूर्ण झालं २०२२ च्या जूनमध्ये, म्हणजे मेडिकाला आम्ही सूप वाटत होतो त्याच महिन्यांत.

तिथेही साधी माणसं होती. जंगलाकाठच्या काही घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावला. त्याचा अर्थ: इथे गरम पाणी, जेवण मिळेल, आम्ही कुणाला कळवणार नाही. बाकीचे रात्री पाठीवर सूपचे थर्मास आणि कोरडे मोजे घेऊन चिखलातून चालायचे. युक्रेनियन बाईला गाडीत बसवलं की आमचं कौतुक व्हायचं. तिथे एका इराकी कुटुंबाला गाडीतून नेल्याबद्दल पाच जणांवर खटला चालला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मी त्या जंगलात काम केलेलं नाही. त्यांच्या धैर्यापुढे आमचं चहाचं टेबल फार सोपं होतं.

कोल्हापूरचा या सगळ्याशी काय संबंध? पोलिश लोक कोल्हापूरचं नाव का घेतात?

माझं लहानपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात लग्नाचे बस्ते बांधताना बघण्यात गेलं. त्या जागेवर आधी कोण राहत होतं, हे मला पोलंडला येईपर्यंत माहीत नव्हतं.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात टाकलं. पुढे सुटका झाल्यावर त्यातले हजारो जण इराणमार्गे बाहेर पडले. काही मुलांना आजच्या गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडीत ठेवून घेतलं. आणि १९४३ पासून कोल्हापूर संस्थानात, शहराजवळच्या वळिवडे गावी, सुमारे ५ हजार पोलिश लोकांची छावणी वसली. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, स्काउटची पथकं, सगळं होतं. खर्च लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारने केला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोल्हापूरने जागा दिली आणि शेजार दिला.

ते लोक १९४८ पर्यंत पांगले. मग त्याच बराकींमध्ये फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं आणि त्याच सिंध्यांनी तिथे कापडाची पेठ उभी केली.

मला हलवून टाकणारी गोष्ट पुढे आहे. वळिवड्याच्या त्या पोलिश लोकांची गावं पूर्व पोलंडमधली, म्हणजे पुष्कळांची आजच्या पश्चिम युक्रेनमधली, ल्वीव आणि आसपासच्या मुलखातली. ज्या मातीतून १९४० मध्ये लोकांना मालगाडीत कोंबून नेलं, त्याच मातीवरून जाणाऱ्या गाडीतून २०२२ मध्ये बायका-मुलं प्शेमिश्लला उतरत होती, आणि कोल्हापूरची मी तिथे चहा ओतत होते.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे. वॉर्सोमध्ये २०१७ साली कोल्हापूरच्या नावाचं स्मारक झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला आले तेव्हा तिथे गेले होते. बोलता बोलता मी कोल्हापूरची म्हटलं की एखादा वयस्कर पोलिश माणूस थांबतो आणि 'वलिवादे' असा उच्चार करतो.

आपल्याकडेच एवढी गरज असताना परक्यांना कशाला?

हा प्रश्न मला बोचतो, पण विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. १९७१ मध्ये आपण आजच्याहून कितीतरी गरीब होतो. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं भारतात आली. त्या नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं जादा तिकीट लावावं लागायचं. आजोबांच्या पेटीतल्या पत्रांवर मी ते पाहिलं आहे. गावच्या पोस्टात कार्ड टाकणारा माणूसही त्या मदतीत होता.

आणि आजचं उदाहरण हवं असेल तर मिझोराम बघा. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिथल्या चिन प्रांतातून तीस हजारांवर लोक मिझोराममध्ये आले. यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी, चर्चनी, गावकऱ्यांनी घरटी तांदूळ-सरपण गोळा करून त्यांना जगवलं. दुरून युक्रेनला काही करणं जमत नसेल तर तिथे करा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथे निर्वासितांना शेजाऱ्यांच्या मदतीचा आधार जास्तच लागतो.

स्वयंसेवक खचत नाहीत का?

खचतात. मी स्वतः २०२२ च्या ऑगस्टमध्ये दोन महिने घरी बसले. झोप उडाली होती, ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की छातीत धडधडायचं. आठवड्यातून ठरलेले दिवसच काम करा, एक दिवस फोन बंद ठेवा, रडू आलं तर सोबतच्या स्वयंसेवकापाशी रडा. निर्वासितांपाशी नको.

आता काय परिस्थिती आहे? अजून मदत लागते का?

लागते, फक्त दिसत नाही. पोलंडमध्ये अजूनही युक्रेनचे दहा लाखांच्या आसपास लोक संरक्षणाखाली आहेत. बरेचसे काम करतात, कर भरतात. युरोपीय संघाने हे संरक्षण ४ मार्च २०२७ पर्यंत वाढवलं आहे. पण पोलंडमधल्या सवलती एकेक करून कमी झाल्या. २०२३ च्या मार्चपासून सामूहिक निवासात चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना खर्चातला वाटा द्यावा लागू लागला.  आणि लोकांचा सूरही बदलला आहे. ट्रॅममध्ये युक्रेनियन बोललं की कुणीतरी टोमणा मारतो. २०२२ मध्ये ज्या घरांच्या खिडकीत निळा-पिवळा झेंडा होता, तिथला झेंडा फिका होऊन गेला.

आत्ताचं काम शांत आहे. आठवड्यातून एकदा दवाखान्यात सोबत जाणं. पोलिश शाळेत मागे पडलेल्या मुलाला गणित शिकवणं. घरभाड्याचा करार वाचून दाखवणं. एका आजींचा अर्ज भरायला मी चार वेळा त्याच खिडकीपाशी गेले.

आपलं जेवण त्यांना चालतं का?

बटाट्याची सुकी भाजी, मिरची न घालता, लगेच आवडते. कोथिंबिरीचं बघून. बडीशेपेच्या पाल्यासारखा शेपू त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीत असतो, तो आपल्याला ओळखीचा. चपाती मुलं गरमगरम, साखर लावून खातात. माझ्याकडच्या बाईने पहिल्यांदा वरण बाजूला सारलं होतं. नंतर ती दुसऱ्या घरी राहायला गेली, आणि महिन्याभराने तिचा फोन आला: त्या पिवळ्या सूपची डाळ कुठल्या दुकानात मिळते?